पौषातली परभणी : शहराने शिणलेल्यांसाठी प्रवासाची निवड

मोठ्या शहरात राहून शिणलेल्या माणसाने काही दिवस शांत ठिकाणी जाऊन यावे, हा सल्ला घरातील वडीलधाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वजण देतात. मात्र ते ठिकाण निवडावे कसे, याविषयी फारसे कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे असा माणूस बहुधा एखाद्या प्रसिद्ध थंड हवेच्या ठिकाणाचे नाव ऐकून शनिवारी पहाटे निघतो, घाटातल्या वाहनांच्या रांगेत अडकतो आणि रविवारी रात्री अधिकच थकून परततो. या फसगतीचे मूळ प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. शांत ठिकाण कोणते, असा प्रश्न केला की उत्तरादाखल गावाचे नाव मिळते. पण कोणतेही गाव बारा महिने आणि चोवीस तास शांत नसते, आणि एकाला जे गाव शांत वाटते तेच दुसऱ्याला असह्य होऊ शकते. म्हणून शीण नेमका कशाचा आहे हे आधी आणि जायचे कधी हे त्यानंतर ठरवावे लागते. ठिकाणाचे नाव या दोहोंच्या मागून येते. पर्यटनाच्या कोणत्याही ठळक यादीत सहसा न आढळणारा मराठवाड्यातील परभणी जिल्हा हा विचार तपासून पाहण्यासाठी फार उपयोगी आहे, कारण येथे प्रसिद्धीचा झगमगाट नसल्याने शांतता कशाने घडते आणि कशाने मोडते हे स्वच्छ दिसते.

शहराने येणाऱ्या थकव्याचा अभ्यास जुना आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०३ साली महानगरातील मानसिक जीवनावर लिहिलेल्या निबंधात असे मांडले, की शहरात क्षणाक्षणाला बदलणारी दृश्ये, आवाज आणि माणसे यांचा मारा होत असल्याने नागरिक स्वतःच्या बचावासाठी एक प्रकारची उदासीनता, म्हणजे कशाचेच फारसे काही न वाटण्याची वृत्ती, अंगी बाणवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम याने १९७० साली याच अवस्थेला अतिभाराची कल्पना लावली : मेंदूपाशी येणारी माहिती त्याच्या पेलण्याच्या मर्यादेपलीकडे गेली, की माणूस काही गोष्टींकडे मुद्दाम दुर्लक्ष करू लागतो, अनोळखी माणसाला वेळ देत नाही आणि व्यवहार तुटक करतो. पुढे २०११ साली जर्मनीतील संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन असे दाखवले, की सामाजिक दडपणाच्या प्रसंगी शहरवासीयांच्या मेंदूतील अमिग्डला हा भाग, जो भय आणि धोक्याची जाणीव यांच्याशी संबंधित आहे, ग्रामीण भागातील लोकांच्या तुलनेत अधिक उत्तेजित होतो. शहर सहन न होणे हा स्वभावाचा दुबळेपणा आहे, असे मानणाऱ्या नातेवाइकांनी हे निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावेत. परभणी, हिंगोली, नांदेडकडून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात वा मुंबईत गेलेल्या अनेक तरुणांना पहिल्या काही वर्षांत जो घुसमटीचा अनुभव येतो, तोही या दृष्टीने पाहिला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे तीनशे माणसे राहत होती, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात हाच आकडा वीस हजारांच्या पुढे होता.

हा शीण एकाच जातीचा नसतो. कोणाला आवाज सोसत नाही, कोणाला माणसांची दाटी सोसत नाही. कोणाला दिवसभर घ्याव्या लागणाऱ्या बारीकसारीक निर्णयांनी ग्रासलेले असते, तर कोणाची मुख्य तक्रार झोपेची असते. यांपैकी आवाजाचे गणित सर्वांत स्पष्ट असल्याने ते थोडे तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात आणि हे माप साध्या बेरजेने वाढत नाही : पातळी १० डेसिबलने वाढली की ध्वनीची तीव्रता दहापट होते, मात्र कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. भारतात २००० साली लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये व शाळा यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. यातील रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. प्रवाशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा नियम अंतराचा आहे. रस्त्यासारख्या लांबट स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलच्या आसपास उतरतो, म्हणजे महामार्गापासून ५० मीटरवरची खोली सोडून १०० मीटरवर गेल्याने कानाला फारसा फरक जाणवत नाही. ८०० मीटरवर गेल्यास मात्र निव्वळ अंतरामुळे १२ डेसिबलची घट होते, आणि वाटेतल्या नांगरलेल्या मऊ जमिनीने व झाडोऱ्याने आणखी काही आवाज शोषला जातो. खेड्यात राहायला म्हणून गेलेला माणूस रस्त्यालगतच्या लॉजमध्ये उतरतो आणि रात्रभर मालमोटारींच्या आवाजाने जागा राहतो, तेव्हा चूक गावाच्या निवडीत नसते, खोलीच्या निवडीत असते.

माणसांची दाटी हे ज्यांच्या थकव्याचे कारण आहे, त्यांना प्रसिद्ध ठिकाणे बहुधा निराश करतात. माथेरानचे उदाहरण बोलके आहे : तेथे मोटारींना प्रवेश नाही आणि २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, त्यामुळे यंत्रांचा आवाज तेथे खरोखरच कमी आहे, पण सुटीच्या दिवशी बाजारपेठेत आणि कड्यांवरच्या जागांवर जी गर्दी उसळते, तिला मोटारबंदीचा काही अटकाव होत नाही. आवाजाने पिडलेल्या माणसाला माथेरान मंगळवारी उत्तम आहे, गर्दीला घाबरणाऱ्या माणसाने ते रविवारी टाळावे. जगभर हाच पेच आहे, आणि इटलीतील व्हेनिस नगराने तर २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांवर शुल्क बसवले.

निर्णयांनी आणि सततच्या अवधानाने आलेल्या थकव्यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचेल कॅप्लन आणि स्टीफन कॅप्लन यांनी मांडलेला अवधान-पुनःस्थापनेचा सिद्धांत विशेष उपयुक्त आहे. १९८९ साली त्यांनी आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की मन लावून एखाद्या कामावर लक्ष खिळवण्याची शक्ती वापरून संपते आणि ती पुन्हा भरून यायची असेल तर चार गोष्टी जुळाव्या लागतात : नेहमीच्या जगापासून दूर असणे, त्या नव्या जागेला मनाला वावरता येईल एवढा विस्तार असणे, लक्ष आपोआप आणि हळुवारपणे वेधून घेणारे काहीतरी समोर असणे, आणि त्या जागेत जे करता येते ते येणाऱ्याच्या इच्छेशी जुळणे. यातील तिसऱ्या अटीला ते मृदू आकर्षण म्हणतात. वाहते पाणी, हलणारी कणसे, पक्ष्यांचा थवा यांकडे माणूस प्रयत्नाशिवाय पाहत राहतो आणि पाहता पाहता त्याचे मन इतरत्रही फिरू शकते, तर दूरचित्रवाणी किंवा क्रिकेटचा सामना लक्षाला असे घट्ट पकडून ठेवतो, की मनाला विसावा मिळत नाही. चौथी अट मात्र प्रवासाच्या योजना करताना हटकून विसरली जाते. दोन दिवसांत दहा ठिकाणे उरकणारी सहल कितीही निसर्गरम्य प्रदेशातून गेली तरी ती निर्णयांची आणि वेळापत्रकाची भर घालते, आणि नेमक्या त्याच गोष्टींपासून सुटका हवी असलेल्या माणसाला ती काहीच देत नाही.

या चार अटी घेऊन परभणी जिल्ह्याकडे वळले, की त्याची भौगोलिक रचना मोलाची वाटू लागते. जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरले आहेत, दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूने बालाघाटच्या टेकड्या येतात आणि मधला सारा प्रदेश काळ्या मातीचे सपाट मैदान आहे, ज्यातून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या वाहतात. येथे उंच कडे नाहीत, धबधब्यांची रांग नाही, समुद्र नाही. छायाचित्रासाठी धावत येणाऱ्याला परतवून लावणारी ही उणीव शांततेच्या शोधात असलेल्याचा लाभ ठरते. विस्ताराची अट मैदान पुरी करते. जिंतूरपासून जवळच पूर्णा नदीवर १९६८ च्या सुमारास पुरे झालेले येलदरी धरण आहे आणि त्याच्या जलाशयाच्या काठाने, भिंतीपासून आणि वीजगृहापासून जरा दूर गेले, की पाणी, माळ आणि हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी याखेरीज डोळ्यांना ओढून नेणारे फारसे काही उरत नाही. निसर्गातील ध्वनींवर झालेल्या संशोधनांचा २०२१ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा पाण्याच्या आवाजाने मन प्रसन्न होण्यास आणि पक्ष्यांच्या आवाजाने ताण उतरण्यास अधिक मदत होते असे आढळले. जलाशयाच्या काठावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात.

परंतु परभणीचे खरे वैशिष्ट्य तिच्या बारवा आहेत. बारव म्हणजे पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या असलेली बांधीव विहीर. यादवकाळात आणि त्याच्या मागेपुढे मराठवाड्यात अशा अनेक विहिरी मंदिरांच्या जोडीने बांधल्या गेल्या. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे जुन्या मंदिरांचा समूह, स्वतंत्र उभा असलेला कोरीव स्तंभ आणि बारव एकाच गावात पाहायला मिळतात. परभणीजवळच्या पिंगळी येथेही मंदिरालगत बारव आहे. आणि सेलू तालुक्यातील वालूरची बारव तर तिच्या रचनेमुळे महाराष्ट्रभर नावाजली गेली, कारण तिच्या पायऱ्या चारी दिशांनी सरळ उतरण्याऐवजी भोवऱ्यासारख्या वळत खाली जातात. ही बारव गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती आणि गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली, ही गोष्ट तिच्या स्थापत्याइतकीच महत्त्वाची आहे. बारवेत उतरताना काय घडते ते शिणलेल्या कानांच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत रस्त्यावरची दुचाकी, पिठाची गिरणी, शाळेची घंटा हे सगळे ऐकू येते. डोके जमिनीच्या पातळीखाली गेले, की ध्वनी येण्याची सरळ वाट दगडी भिंत अडवते आणि गावाचा गलका एकदम बोथट होतो. आणखी खाली हवा गार लागते, आकाशाचा फक्त एक तुकडा डोक्यावर उरतो आणि कपारीतल्या पारव्यांचा घुमणारा आवाज तेवढा स्पष्ट येतो. शहरात जिची किंमत मोजूनही सहज सोय होत नाही, ती ध्वनिरोधक खोली त्या काळच्या पाथरवटांनी पाण्याच्या निमित्ताने तयार करून ठेवली आहे. तेथे कठडा नसतो, पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर शेवाळे असते आणि पाणी खोल असू शकते, तेव्हा एकट्याने किंवा मुले बरोबर असताना तळापर्यंत जाण्याचा मोह आवरला पाहिजे.

जिंतूरजवळच्या नेमगिरीचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. या डोंगरावर जैन गुहामंदिरे आहेत आणि त्यांचे दरवाजे इतके ठेंगणे आहेत, की आत जाणाऱ्याला वाकूनच जावे लागते. दाटीवाटीच्या बंदिस्त जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांना गुहेच्या आत त्रास होईल. बाहेरच्या डोंगरउतारावर बसणे त्यांना अधिक मानवेल. एकाच ठिकाणाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाचा परिणामही माणसागणिक असा उलटा होतो.

ठिकाण ठरले तरी महिना ठरवणे बाकी असते, आणि परभणीच्या बाबतीत हाच निर्णय सर्वांत मोठा आहे. जून-जुलैत पेरण्यांच्या सुमारास आभाळ भरून येते आणि दृश्य सुंदर असते, परंतु काळ्या मातीचा चिखल पायाला असा धरून ठेवतो, की शेतवाटेने चालणे जवळजवळ अशक्य होते. पावसाळा सरता सरता सोयाबीनची काढणी सुरू होते, आणि हे पीक यंत्राने मळले जात असल्याने मळणी यंत्राची घरघर शिवारात दिवसभर, कधी रात्रीही चालू राहते. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी जोरात असते आणि ती हाताने होते. बायकांच्या बोलण्याचा आवाज सोडला तर वेचणीच्या रानात काहीच ऐकू येत नाही. मात्र याच दिवसांत कार्तिकाचा काकडा गावोगावच्या मंदिरांतून पहाटे ध्वनिवर्धकावर सुरू असतो, त्यामागोमाग तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई येते आणि वरातीच्या वाद्यांना रात्रीच्या वेळेचे बंधन नेहमीच पाळले जाते असे नाही. फेब्रुवारीच्या आरंभी परभणी शहरात हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, ज्याला सर्व धर्मांचे लोक मोठ्या संख्येने येतात. माघात महाशिवरात्रीला हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग आणि परभणीतील लहानमोठी शिवस्थाने गजबजतात. मार्चपासून ऊन चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर गेल्यावर दुपारी बाहेर पडणे प्रकृतीला धोक्याचे ठरते.

या सर्वांच्या मध्ये उरतो तो पौष. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत साधारणपणे येणारा हा महिना परंपरेने लग्नकार्याला वर्ज्य मानला जातो, त्याला भाकड महिना म्हणतात, आणि अलीकडे काही पंचांगांत या काळातले मुहूर्त दिले जात असले तरी खेड्यांत वरातींचे प्रमाण एकदम उतरते. काकडा संपलेला असतो, सोयाबीन घरात आलेले असते आणि रब्बीची ज्वारी हुरड्यावर आलेली असते. थंडी मात्र कडक असते. परभणीत या दिवसांत पारा वारंवार एक आकडी होतो. हुरडा ही या महिन्याची देणगी कॅप्लन दांपत्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या अटीला जणू मोजून दिल्यासारखी बसते : बांधावर लहान खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कोवळी कणसे राखेत फिरवून भाजतात, गरम कणीस तळहातावर चोळले की हिरवट दाणे सुटतात, फुंकून कोंडा उडवला जातो आणि ते दाणे शेंगदाण्याची चटणी, लसणाचे तिखट किंवा गूळ यांच्याबरोबर खाल्ले जातात. हाताला काम असते, डोळ्यांसमोर विस्तव असतो, बोलले तरी चालते आणि न बोलले तरी कोणाला ते खटकत नाही. रस्त्यालगत पैसे घेऊन भरवल्या जाणाऱ्या, गाणी वाजवणाऱ्या हुरडा पार्ट्या या वर्णनात बसत नाहीत. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानातला हुरडा तोच खरा उपयोगाचा.

पौषालाही एक दोष आहे आणि तो सांगितला पाहिजे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आणि गोदावरीवरील बंधाऱ्यांच्या पाण्यावर ऊस होतो, हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रभर, बऱ्याचदा मोठ्याने गाणी लावून, पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या रस्त्यांवरून जात असतात. त्यात थंडीची भर पडते, कारण निरभ्र आणि गार रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, या उलट्या थरामुळे वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वळतो आणि दोन-तीन किलोमीटरवरचा ट्रॅक्टरही उशाशी असल्यासारखा ऐकू येतो. म्हणून पौषात निजण्यासाठी जिंतूरकडचा, उसाच्या वाहतुकीपासून दूर असलेला डोंगराळ भाग निवडावा आणि गोदावरीकाठ दिवसा पाहावा. गोदावरीकाठी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. संत जनाबाईंचे जन्मस्थान असलेले गंगाखेड आहे, नदीच्या पात्रातच उभे असलेले आणि पुरात बुडणारे मुद्गल येथील मुद्गलेश्वराचे मंदिर आहे, आणि धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे, ज्याच्या बाह्यभिंतींवरील शिल्पे पाहताना अर्धा दिवस सहज जातो. ढालेगाव, मुद्गल, तारुगव्हाण, डिग्रस या बंधाऱ्यांमुळे नदीचे बरेच पात्र पावसाळ्यानंतरही भरलेले राहते.

खेड्यातील शांततेविषयी आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. शहर माणसाला गर्दीत ढकलते हे खरे, परंतु ते त्याला अनोळखी राहण्याची मोकळीकही देते. लोकलच्या डब्यात शंभर माणसे खेटून उभी असली तरी कोणी कोणाला कुठले, काय करता असे विचारत नाही. खेड्यात माणसे थोडी असतात आणि ती सर्व पाहत असतात. वेशीवरच्या पारावर बसलेली मंडळी नव्या माणसाला पाहताच ‘कोणाचे पाव्हणे?’ असे विचारतात, उत्तर मिळेपर्यंत त्यांचे समाधान होत नाही, आणि उत्तर मिळाले की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. या चौकशीमागे आपुलकी असते आणि तीच खेड्याची सुरक्षाव्यवस्थाही असते. पण माणसांशी बोलण्याचाच ज्याला शीण आला आहे त्याला दिवसातून दहा वेळा स्वतःची ओळख सांगावी लागणे जड जाते. यावर उपाय असा, की गावात जाताना एका वाक्यात सांगता येईल असे कारण बरोबर असावे. बारव पाहायला आलो, पक्षी पाहायला आलो, अमक्यांच्या रानात हुरड्याला आलो, असे म्हटले की प्रश्न मिटतो, कोणीतरी वाट दाखवतो आणि पुढे माणसाला त्याच्या वाटेने जाऊ दिले जाते. कारण न सांगता नुसता हिंडणारा माणूस मात्र दिवसभर चर्चेचा विषय राहतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रियांना ही नजर अधिक जाणवते, आणि त्यांच्यासाठी तीर्थक्षेत्रे तुलनेने सोयीची पडतात, कारण तेथे भाविक ही सर्वांना ठाऊक असलेली ओळख आधीच तयार असते. परभणी तालुक्यातील पोखर्णी येथील नृसिंहाचे स्थान असे आहे. परभणी-परळी लोहमार्गावर त्या नावाचे स्थानकही आहे, आणि नृसिंह जयंतीचा उत्सव व सुट्यांचे दिवस वगळले तर तेथे निवांतपणा मिळू शकतो. मुक्काम तालुक्याच्या गावी करून दिवसा एसटीने किंवा ठरवलेल्या वाहनाने जाऊन येणे हे पहिल्या खेपेला तरी शहाणपणाचे होय.

प्रवासाने सर्व काही बरे होते असा समज करून घेणे धोक्याचे आहे. गर्दीत गेले की छातीत धडधडणे, साध्या आवाजानेही दचकणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जगण्यात रस न वाटणे अशी लक्षणे टिकून राहिली, तर तो उपचाराचा विषय असतो आणि सहल काढून तो पुढे ढकलता कामा नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते, आणि जवळच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करता येते. शिवाय अतिशय निवांत ठिकाणी मन रिकामे झाल्यावर दाबून ठेवलेल्या काळज्या वर येतात आणि पहिला दिवस उलट अधिक अस्वस्थतेचा जातो. हे अनेकांच्या बाबतीत घडते, आणि ते आधीच ठाऊक असले तर दुसऱ्या दिवशीच गाडी पकडून परत फिरण्याची वेळ येत नाही.

किती दिवस जावे, याविषयी नेदरलँड्समधील संशोधक जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून एक व्यवहार्य निष्कर्ष हाती येतो. दीर्घ सुटीवर गेलेल्यांचे स्वास्थ्य पहिल्या आठवड्यात वाढत जाऊन आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वोच्च पातळीवर पोचले आणि कामावर परतल्यानंतर आठवडाभरातच ते पूर्वीच्या पातळीवर आले. सुटी कितीही चांगली गेली तरी तिचा परिणाम साठवून ठेवता येत नसेल, तर वर्षातून एकदा लांबची मोठी सहल करण्यापेक्षा त्याच खर्चात ओळखीच्या, जवळच्या आणि स्वस्त जागी तीन-चार वेळा जाणे अधिक हिताचे ठरते. परभणीसारखा जिल्हा या हिशेबात बसतो. मुंबईहून रात्री निघणारी देवगिरी एक्सप्रेस सकाळी परभणीला पोचवते, दिवसा प्रवास करायचा असेल तर तपोवन एक्सप्रेस आहे. मराठवाड्यातून शहरात गेलेल्या माणसाचे तर बहुधा आजोळ, मावशीचे घर किंवा मित्राचे शेत याच मार्गावर कुठेतरी असते. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याने निर्णयांचा भार प्रत्येक खेपेस कमी होतो : खोली ठाऊक असते, भाकरी कुठे मिळते ते ठाऊक असते, पारावरच्या मंडळींना नाव ठाऊक झालेले असते आणि ‘कोणाचे पाव्हणे’ हा प्रश्न संपलेला असतो.

जिल्ह्याच्या बाजूनेही काही गोष्टी व्हायला हव्यात. चारठाणा, वालूर, धारासूर या ठिकाणी जाणाऱ्या प्रवाशाला आज सर्वाधिक अडचण स्वच्छ शौचालयाची आणि परतीच्या शेवटच्या गाडीची असते. मोठी हॉटेले, रोषणाई आणि काचेचे पूल यांवर खर्च करण्यापेक्षा या दोन गोष्टींवर केलेला खर्च अधिक सार्थकी लागेल, कारण येथील संपत्ती काळोख, मोकळे रान आणि निवांत बारवा हीच आहे. नागपूरकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाने दिव्यांची उधळण आवरून रात्रीचे आकाश जपले आणि जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळवली, हे उदाहरण महाराष्ट्रातच समोर आहे. परभणीने निदान एवढे करावे, की प्रत्येक तालुक्यातील यात्रा, उरूस, हरिनाम सप्ताह आणि आठवडी बाजार यांचे दिवस एका तक्त्यावर मांडून तो तक्ता परभणी, जिंतूर, सेलू आणि गंगाखेडच्या बसस्थानकांत लावावा. ज्याला उत्सव पाहायचा आहे तो त्या तारखा पाहून येईल आणि ज्याला निवांतपणा हवा आहे तो त्या तारखा टाळून येईल.